एक्कावन्न नग

रुखवतात मांडलेली प्रत्येक वस्तू नवरीच्या दोन हातांनी, तिच्या चिकाटीने आणि माहेरच्या संस्कारांनी घडलेली असते. फलटणच्या सोनियाताईंकडे अशा वस्तूंचे सात सेट आहेत. तिथी दाट असल्या की आठवा त्या बहिणीकडून मागवतात.

एका सेटमध्ये एक्कावन्न नग. साखरेचं तुळशी वृंदावन, कडधान्याचा गणपती, बांगड्यांचा झुला, लोकरीच्या घरट्यात लोकरीची पाखरं, आणि सुपाऱ्यांना फेटे बांधून, नाकडोळे काढून मांडलेलं अख्खं लग्न, भटजीसकट. मागे फ्लेक्स : ‘चि. सौ. कां. अमुक हिच्या हातची कला’. अमुकची जागा कोरी असते. तिथे नाव चिकटवायचं. नाव रेडियममध्ये कापून मिळतं, लोणंदला, स्टेशन रोडवर नानासोंच्या दुकानात.

नानासोंच्या दुकानात ही नावं कापायची त्यांची मुलगी क्रांती. वय सत्तावीस, डिप्लोमा मेकॅनिकल, येऊन गेलेली स्थळं चौदा. ट्रकच्या पाठीवरचे आईवडिलांचे आशीर्वाद, मोटारसायकलच्या टाकीवरचे वाघ, फौजींच्या बुलेटवर त्यांच्या पलटणीची नावं, सगळं तीच कापायची. दुकानातला रेडियम कापायचा मोठा प्लॉटर वडिलांचा होता. त्याच्या शेजारी प्रिंटरएवढं एक छोटं कटिंग मशीन होतं ते तिचं, भिशी लागली तेव्हा घेतलेलं. भिशी लागली की बायका गंठण करतात. क्रांतीची आई हरणाबाई गेली तीन वर्षं नवऱ्याशी याच एका विषयावर बोलत होत्या.

त्या मशीनवर क्रांती आगगाडी करत असे.

खेळण्यातली नव्हे. लोणंद-फलटण डेमू, तीन डबे, खऱ्या गाडीहून सत्त्याऐंशी पट लहान. चाकं तेवढी कोलकात्याहून पोस्टाने मागवली होती. बाकी सगळं कोऱ्या पांढऱ्या प्लॅस्टिक शीटमधून. मापं तिने लोणंदच्या फलाटावर टेप लावून घेतली. रेल्वेच्या पोलिसाने हटकलं तेव्हा ती म्हणाली, रेडियमसाठी माप घेतेय. रेल्वेने रेडियम लावायचं काढलं असेल, असं समजून त्याने टेपचं दुसरं टोक धरलं.

असल्या मशीनचं पातं जाड शीट एका दमात कापत नाही. हळूहळू, त्याच रेघेवरून चारचार वेळा फिरवावं लागतं, मग बोटाने मोडून घ्यायचं. सरळ रेघ निभते. खिडकीच्या गोल कोपऱ्याला मात्र पातं वळताना अडतं आणि प्लॅस्टिक ओरबाडलं जातं. डब्याच्या एका बाजूला सतरा खिडक्या, म्हणजे कोपरे अडुसष्ट. क्रांतीने पहिला डबा नऊ वेळा फेकून दिला. दहाव्या वेळी कोपरे जमले. मग गज, मग दारं, मग गरम पाण्यात पाइपावर वळवलेलं छप्पर. अकरा महिने लागले. दुकान बंद झाल्यावर हरणाबाई विचारायच्या, “आज काय केलंस?” क्रांती म्हणायची, “खिडकी.” काल काय केलं होतं, याचं उत्तरही खिडकीच असायचं.

या गाडीवर एक गोष्ट ठरणार होती. सांगलीच्या बाजूला, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, विश्वजीत नावाच्या गृहस्थांचा छोटा कारखाना होता. संग्रहालयांना आणि कॉलेजांना पूल, धरणं, इंजिनं, गाड्या लहान आकारात करून द्यायचा. तिथे रेल्वेचे डबे करणारा माणूस हवा होता. क्रांतीने फोटो पाठवले. उत्तर आलं की फोटो कुणीही पाठवतं, सतरा फेब्रुवारीला मंगळवारी अकरा वाजता वस्तू घेऊन या.

याच सुमारास पंधरावं स्थळ जमलं. मुलगा सांगलीचाच, साईराज, हळदीच्या अडतीत नोकरीला. बैठकीत नोकरीचा विषय निघाला तेव्हा सासरे सुपारी फोडता फोडता म्हणाले, “लागलेली नोकरी असंल तर सोड म्हणणार न्हाई. पण लगीन झाल्यावर नोकऱ्या हुडकत फिरायचं, ही आमच्यात पद्धत न्हाई.” लग्न आठ तारखेच्या रविवारी ठरलं. म्हणजे मधे एक मंगळवार लग्नाच्या धामधुमीत जाणार, आणि दुसरा तो, सतरा तारखेचा. हुडकणं म्हणता येणार नाही असा तेवढा एकच. आधी ठरलेली वेळ आहे, असं सांगून साईराजने तो घरातून मागून घेतला होता.

रुखवत सोनियाताईंचं, सेट पाच. क्रांतीने आपलं नाव आपणच कापून दिलं. त्याच शीटवर जागा उरली होती म्हणून पुढच्या शनिवारच्या खंडाळ्याच्या नवरीचं, पल्लवीचंही नाव कापून टाकलं.

गाडी कार्यालयात ठेवायची कुठे, हा प्रश्न होता. खोलीत ठेवावी तर पाहुण्यांची पोरं. नानासोंनी तोड काढली. “रुखवताच्या टेबलावर ठेव. हितं शंभर डोळं असत्यात. कुणाची हात लावायची टाप न्हाई.” नानासोंना मनातून ती लोकांना दाखवायचीही होती. तसं ते बोलले नाहीत, पण तिच्यापुढचा बांगड्यांचा झुला त्यांनी हळूच मागे सरकवला.

शंभर डोळ्यांतले दोन मुलाच्या मामांचे होते. मामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी साखरेचं वृंदावन पाहिलं, मान हलवली. गणपती पाहिला, हात जोडले. गाडीपाशी मात्र ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग खिशातून चष्मा काढला.

“विहीणबाई, ही गाडी कुणी केली?”

हरणाबाईंनी बायोडेटात शिवणकाम, रांगोळी आणि स्वयंपाकाची आवड असं लिहिलं होतं. सत्तावीस वर्षांची पोरगी अकरा महिने आगगाडी करत बसली होती हे कळलं, तर मामा पुढे काय विचारतील याचा अंदाज येईना.

“आवं, भाड्याचं हाय सगळं,” त्या म्हणाल्या. “फलटणच्या सोनियाताईचं.”

नवरीच्या आईने रुखवतापाशी उभं राहून वस्तू भाड्याची आहे असं सांगितल्याची ही तालुक्यातली पहिलीच वेळ असावी. आणि ती नेमकी खोटी होती.

“तवाच,” मामा सरळ होत म्हणाले. “म्हटलं, पोरीचं काम दिसत न्हाई हे.”

क्रांती चार हातांवर मुंडावळ्या बांधून उभी होती. तिला सगळं ऐकू आलं. पण त्या वेळी नवरीने बोलायचं नसतं. तिच्या वतीने बोलायला सनईवाला असतो.

मंगलाष्टका झाल्या, पंगती उठल्या, आणि सोनियाताईंचा माणूस अर्जुना टेबल आवरायला आला. अर्जुना पन्नाशीचा, सावकाश माणूस. सेटमध्ये काय काय आहे याची यादी नव्हती, असली तरी त्याने ती वाचली नसती. सोनियाताईंचा हिशेब नगांचा. एक्कावन्न द्यायचे, एक्कावन्न आणायचे. आता झालं असं, की मुलाकडच्या एका आजीबाईंनी जेवण झाल्यावर सुपाऱ्यांचं लग्न उचलून पानाच्या चंचीत घातलं होतं. नवरा-नवरी त्यांनी तिथेच अडकित्त्याने कातरली. भटजी सांगलीच्या वाटेवर कराडपर्यंत पुरले. त्यामुळे टेबलावर सोनियाताईंचे पन्नास नग होते आणि एक आगगाडी. अर्जुनाने बोट लावून मोजलं. एक्कावन्न. त्याने गाडी लोकरीच्या घरट्यात टेकवली, वरून साडी गुंडाळली आणि टेम्पो भरला.

क्रांतीला हे सोमवारी, सांगलीत सत्यनारायण झाल्यावर कळलं. सामानाच्या अकरा बोचक्यांत गाडी नव्हती. तिने आईला फोन लावला.

“गेली असंल त्या सामानात,” हरणाबाई म्हणाल्या. “इल की. आत्ता गप बस.”

“आई, पुढच्या मंगळवारी मला ती—”

“पयल्याच दिशी सासरातनं फोन करून खेळणं मागत्यात व्हय गं? काय म्हणतील ती लोकं? ठेव.”

तिने चार दिवस काढले. पाचपरतावनाला माहेरी आली ती शुक्रवारी, आणि साईराजला घेऊन तशीच फलटणला गेली. सोनियाताईंचं घर म्हणजे पुढे दोन खोल्या आणि मागे पत्र्याचं शेड. शेडमध्ये सहा नवऱ्यामुलींची कला फळ्यांवर रचलेली.

“माझी गाडी तुमच्या सामानात आलीये,” क्रांती म्हणाली.

“कंची? सेट पाचमधली?”

“ती सेटमधली नाही. मी केलेली आहे.”

“ताई, एक्कावन्न दिलं, एक्कावन्न आलं. तुमची जादाची असती तर बावन्न आलं नसतं का?”

“मोजताना वस्तू बघत नाही का तुम्ही?”

“बघून मोजाया लागलं तर हंगामात एकच लगीन हुयाचं.” सोनियाताईंनी साईराजपुढे खुर्ची सरकवली. “आणि तुमच्या आईनंच सांगितलं की, भाड्याचं हाय म्हणून. सुभेदारांच्या म्होरं. आमचा अर्जुना तितंच हुता.”

“आई खोटं बोलली.”

“बया, नवरीची आई रुखवतापाशी खोटं बोलतीया म्हणून तर माझं घर चालतंय. पण असलं उलटं खोटं कोण बोलंल?”

सोनियाताई वाईट बाई नव्हत्या. त्यांनी चहा टाकला आणि मार्गही सुचवला. अर्जुनाला फोन लावून विचारलं, तेव्हा कमी काय आलंय ते त्याला आठवलं, सुपाऱ्यांचं लग्न. ते आणून द्या, गाडी घेऊन जा, नग सारखे झाले की त्यांची काही हरकत नाही. फक्त सेट पाच आज सकाळीच खंडाळ्याला गेला होता, उद्याच्या लग्नाला.

“अगं, दुसरी कर की,” परत येताना साईराज म्हणाला. “अकराच तर महिने लागले.” तो मनापासून म्हणाला. अडतीत हळद त्याहून जास्त पडून राहते.

शुक्रवारची संध्याकाळ क्रांतीने पाच सुपाऱ्यांना फेटे बांधण्यात घालवली. मुलीने शेवटी रुखवताचं काही तरी हाताने केलं, हे पाहून हरणाबाईंना भरून आलं.

शनिवारी ती आणि साईराज खंडाळ्याच्या कार्यालयात पोचले, तेव्हा टेबलाभोवती गर्दी होती. फ्लेक्सवर ‘पल्लवी’ हे नाव छान बसलं होतं. शेवटची वेलांटी क्रांतीने मुद्दाम थोडी लांबवली होती. मुलाची आई आलेल्या प्रत्येकीला हाताला धरून गाडीपाशी आणत होती. “गज बघा खिडकीचं. एक एक गज. आमच्या सूनबाईनं केलंय. मी तर म्हणती, पोरीच्या जातीला एवढा धीर असावा.” पल्लवी शेजारीच शालू नेसून उभी होती आणि धीर असलेल्या पोरीसारखी खाली बघत होती.

क्रांती अर्जुनाकडे गेली आणि सुपाऱ्या पुढे केल्या. “हे घ्या, ते द्या.”

“आत्ता कसं काढू?” अर्जुना म्हणाला. “पंगती उठल्याबिगर टेबलावरचं काय हलवायचं न्हाई.”

त्यांची कुजबुज पल्लवीच्या आत्याने पाहिली. “तुमी कोन? कुणाकडच्या?”

क्रांतीला तिथे थांबता आलं असतं. पंगती उठेपर्यंत दोन तास, कुणाच्याही कडची म्हणून. पण त्याच क्षणी कुणाचं तरी हळदीचं बोट मधल्या डब्याच्या छपरावरून फिरलं.

“ही गाडी मी केलीये,” ती म्हणाली.

पल्लवीने पहिल्यांदा मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते क्रांतीने पाहिलं, आणि तरीही ती पुढे बोलली. शीट कोणती, पातं किती वेळा फिरवलं, छप्पर कशावर वळवलं. बायका ऐकत होत्या, जशी वीज कंपनीच्या माणसाची माहिती ऐकतात तशी.

“म्हणायला काय, मीबी म्हणीन,” आत्या म्हणाली. “पुरावा?”

“खाली नाव आहे. पहिल्या डब्याच्या बुडाला. मी मशीनवर कापलंय.”

आत्याने डबा उचलून उलटा केला. चाकांची एक जोडी सुटून गणपतीच्या मुगांत जाऊन पडली. आत्याने बूड उजेडाकडे धरलं आणि मोठ्याने वाचलं, “क्रांती, लोणंद.”

“मीच क्रांती,” क्रांती म्हणाली.

आत्याने तिच्याकडे पाहिलं, गळ्यातल्या कोऱ्या मंगळसूत्राकडे पाहिलं, हातातल्या हिरव्या चुड्याकडे पाहिलं. “तुमचं लगीन कवा झालं?”

“मागच्या रविवारी.”

“आणि रुखवत कुणाचं हुतं?”

“यांचंच. सोनियाताईंचं.”

“मग असंच म्हणा की,” आत्या सगळ्यांकडे वळून म्हणाली, “ही मागल्या लग्नातली नवरी हाय. तिच्या नावाचं खरवडायचं ऱ्हायलंय.”

हे सगळ्यांना पटलं, कारण एवढंच खरं होतं. क्रांती मागल्या लग्नातली नवरीच होती. तिचं नाव गाडीवर असणं याने गाडी तिची ठरली नाही, भाड्याची ठरली. मुलाच्या आईने शेजारच्या बाईचा धरलेला हात सोडला. तिने साखरेचं वृंदावन उचलून त्याच्याही बुडाशी बघितलं.

गर्दीतून एका म्हाताऱ्याने साईराजला ओळखलं. “तुमी लोणंदच्या लग्नातलं नवरदेव न्हवं का? मी आलतो की. जेवान झाक हुतं.” साईराज हो म्हणाला. त्या दिवशी त्याने उच्चारलेला हा एकमेव शब्द.

लग्नघरातून उपाशी कुणाला पाठवत नाहीत. दोघांना पंगतीला बसवलं. वाढप्यापर्यंत गोष्ट पोचली होती. त्याने जिलेबी वाढताना विचारलं, “तुमच्यात बी हेच आचारी हुतं का?”

पंगती उठल्यावर आत्याने फोन करून सोनियाताईंची उष्टं रुखवत देण्यावरून अर्धा तास खरडपट्टी काढली. त्यानंतर सोनियाताईंनीच अर्जुनाला सांगितलं, ती गाडी देऊन टाक, लय अवलक्षणी हाय. अर्जुनाने गाडी काढली, सुपाऱ्या ठेवल्या, मोजलं. एक्कावन्न.

पल्लवीचं लग्न व्यवस्थित पार पडलं. सासू तिला अजून घरात ‘आगगाडी’ म्हणते.

रविवार-सोमवार क्रांती वडिलांच्या दुकानात बसली. चाकांची जोडी बसवली, हळद घासून काढली. पण कुणी तरी खिडक्यांच्या गजांतून अक्षता आत सोडल्या होत्या. छप्पर चिकटवलेलं, त्या निघेनात. मधला डबा हलवला की वाजायचा. सोमवारी संध्याकाळी ती आणि साईराज गाडी मांडीवर घेऊन रेल्वेने सांगलीला गेले.

मंगळवारी अकराला पाच कमी असताना ती कुपवाडला पोचली. साईराज बाहेर मोटारसायकलवर थांबला. विश्वजीत सभ्य गृहस्थ होते. त्यांनी गाडी टेबलावर ठेवून घेतली, दिव्याखाली धरली, सुभेदार मामांसारखाच चष्मा काढला. मधला डबा वाजला.

“आत काय आहे?”

“अक्षता,” क्रांती म्हणाली.

विश्वजीतांनी हाक मारून एका मुलाला बोलावलं. तिशीच्या आतला, अंगात निळा ॲप्रन, हातात वही. “हा अमृत. हा विचारेल, तुम्ही सांगा. संकोच करू नका. अगदी बारीकसारीक सांगा.”

अमृतने छान विचारलं. अकरा महिन्यांत तिला कुणीच असं विचारलं नव्हतं. खिडकीच्या कोपऱ्यावर तर तो तीनदा परत आला. पातं ओढतं तेव्हा काय करता? क्रांतीने सांगितलं की जाड शीट कापायचीच नाही, पातळ दोन कापायच्या आणि एकीवर एक चिकटवायच्या. आतल्या शीटची खिडकी केसभर लहान ठेवायची, म्हणजे चौकट आपोआप दिसते. कट कोपऱ्यातून सुरू करायचा नाही, सरळ बाजूच्या मध्यातून करायचा. सुरू करण्याआधी पात्याचं टोक रद्दीवर फिरवून रेघेच्या दिशेला आणून घ्यायचं. शेवटचा फेरा पहिल्याच्या निम्म्या वेगाने. अमृतने वहीत आकृती काढली आणि तिच्याकडून तपासून घेतली. मग म्हणाला, “एकदा करून दाखवता का?” त्यांचं मशीन तिच्याहून मोठं होतं. तिने एक पूर्ण बाजू कापून दाखवली, सतरा खिडक्या, अडुसष्ट कोपरे, एकही ओरबाडला नाही. अमृत बराच वेळ बघत राहिला. विश्वजीतांनी तिला स्वतः दारापर्यंत सोडलं.

“काय झालं?” साईराजने विचारलं.

“दोन तास घेतली मुलाखत,” क्रांती म्हणाली. “सगळं विचारलं. सगळं आलं.”

साईराजने तिथूनच वडिलांना फोन लावला. “पप्पा, लागली म्हणायची.” येताना त्यांनी पेढे घेतले. सासऱ्यांनी एक तोंडात टाकला आणि लागली असेल तर सोड म्हणणार नाही, हे पुन्हा सांगितलं. सुभेदार मामांनाही कळवण्यात आलं.

बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी तिने फोन केला. विश्वजीतांनी ओळखलं, मनापासून आभार मानले, गाडीचं पुन्हा कौतुक केलं. सध्या जागा नाही म्हणाले.

“मग बोलावलं कशासाठी होतं?”

“अमृतला कोपरे जमत नव्हते,” विश्वजीत म्हणाले.

अमृत एक जानेवारीपासून त्या जागेवर होता.